तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाला दुधाची अॅलर्जी वाटतीये, कुठला डबा आणू?

"ताई, तुमच्या पोरीला कुठला डबा दिला होता ओ?" हा प्रश्न मला जिन्यात, भाजी घेताना, कुणाच्या बारशात, रात्री साडेदहाला फोनवर, कुठंही येतो. माझ्या धाकटीला गाईच्या दुधाची अॅलर्जी होती हे आमच्या जुळे सोलापुरात आता बऱ्याच जणींना माहिती आहे, त्यामुळं कुणाचं लेकरू दूध पिऊन ओकायला लागलं, शीतून रक्त दिसलं की कुणीतरी माझा नंबर देतं. आणि मी डब्याचं, म्हणजे बाळाच्या दुधाच्या पावडरीचं (फॉर्म्युलाचं), नाव सांगत नाही. काही जणींना त्याचा राग येतो, म्हणून आज सगळं नीट लिहिते.

नाव न सांगायचं कारण असं की अॅलर्जीचा नुसता संशय असतो तेव्हा डबा ही बाळाची तपासणीच असते. दुधाची अॅलर्जी दोन तऱ्हेची असते. एक लगेच दिसणारी, म्हणजे दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते फार तर २ तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, श्वासाला घरघर लागते. दुसरी हळू येणारी, तासांनी नाहीतर दोन-तीन दिवसांनी, शीमध्ये शेंब आणि रक्ताची रेघ, सारखं ओकणं, काही केल्या न जाणारा एक्झिमा (कोरडे, खाजरे चट्टे), दूधच नको म्हणणं, वजन न वाढणं. पहिल्या तऱ्हेत रक्ताची किंवा त्वचेवरची टेस्ट कामाला येते. दुसऱ्या तऱ्हेत अशी कुठलीच टेस्ट खात्रीनं सांगत नाही, आणि ते आयजीजी नावाच्या रक्ततपासणीचं मोठं पॅनेल असतं ना, शंभर पदार्थांची यादी येते ते, त्यावरून अॅलर्जी ठरत नाही, त्यात पैसे घालू नका. तिथं एकच रस्ता आहे. दूध पूर्ण बंद करून २ ते ४ आठवडे बघायचं, आणि बरं वाटलं तर डॉक्टरांना विचारून परत देऊन बघायचं, त्रास परत आला तरच अॅलर्जी म्हणायची. परत देण्याची पायरी आपल्याकडं जवळपास सगळेच गाळतात, आता बरं झालंय तर कशाला छेडायचं म्हणून, आणि मला तेही समजतं, रक्त बघितलेल्या आईला परत तेच दूध हातात धरवत नाही. पण आठवडाभरात आपोआप थांबणारा त्रास असेल तर नवीन डब्याला उगाच श्रेय जातं आणि बाळ वर्षभर महाग पावडरीवर राहतं. फक्त लगेचच्या अॅलर्जीत, गांधी-सूज-श्वासवाल्या, हा प्रयोग घरी कधीच करायचा नाही. आणि दूध दिल्यावर १ ते ४ तासांत उलट्यांवर उलट्या होऊन बाळ पांढरंफटक, ढिलं पडलं तर तेही सरळ हॉस्पिटल, फोनाफोनी नंतर.

आता बाळ अंगावर पीत असेल तर मला विचारायच्या आधीच उत्तर सांगते, डबा आणूच नका. आईनं स्वतःच्या जेवणातून दूध काढायचं, आईचं दूध चालूच ठेवायचं. डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देतात, साधारण १००० मिग्रॅ रोजचं. अवघड जातं ते घरच्यांमुळं, कारण बाळंतिणीला दूध प्यायल्याशिवाय दूध येत नाही ही समजूत पक्की, आणि सासूबाई प्रेमानंच ग्लास पुढं करतात. दशमी दुधात भिजवलेली असते, ती बंद. तुपात पण प्रोटीनचा अंश राहतो. ब्रेड, टोस्ट, बिस्किटात मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन अशा नावानं दूध असतंच, पाकिटावर अॅलर्जीची सूचना छापलेली असते ती वाचायची. आपलं बरं म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी, डाळ, भाजी यात दूध कुठंच नाही, पोटभर जेवता येतं.

डबा लागणारच असेल तर नाव सोडा आणि प्रोटीन किती फोडलंय ते वाचा. बाळाचं शरीर चिडतं ते दुधातल्या प्रोटीनवर, केसीन आणि व्हे. अॅलर्जीच्या डब्यात ते प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीराला ते ओळखू येत नाही. डब्यावर शब्द असतो एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड. बहुतेक बाळांना, म्हणजे १० मधल्या ९ किंवा जास्तच जणांना, हा पुरतो. त्याच्या पुढं अमिनो अॅसिडचा डबा, त्यात प्रोटीन तोडलेलं पण नसतं, नुसते सुटे घटक असतात. जीवावर बेतणारी जोरदार रिअॅक्शन झाली असेल, वजन फारच घसरलं असेल किंवा पहिल्या डब्यानं फरक पडला नसेल तर डॉक्टर तो सांगतात. पार्शियली हायड्रोलाइज्ड, म्हणजे ज्याच्या नावात एच ए असतं तो, ह्यासाठी नाहीच. त्यात प्रोटीनचे तुकडे मोठे राहतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो लॅक्टोज-फ्रीचा. मेडिकलमध्ये जाऊन "दूध पचत नाही" म्हटलं की काउंटरवरून तोच डबा पुढं येतो, मी स्वतः उभी असताना बघितलंय. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती काढली तरी प्रोटीन आहे तसंच राहतं. मोठे जुलाब झाल्यावर काही दिवस लॅक्टोज पचत नाही, त्याला तो डबा ठीक आहे, अॅलर्जीला त्याचा उपयोग शून्य. सोयाचा डबा स्वस्त पडतो आणि मिळतो पण सहज, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा देत नाहीत, आणि दुधाची अॅलर्जी असलेल्यातल्या काही बाळांना सोया पण सोसत नाही, म्हणून विचारल्याशिवाय नको. दुकानातलं बदामाचं, ओटचं, सोयाचं दूध हे तर फॉर्म्युलाच नव्हे, त्यावर तान्हं बाळ वाढत नाही.

आणि शेळीचं दूध. "शेळीचं हलकं असतंय, दे की" हे मला बाळीवेसपासून होटगी रोडपर्यंत सगळ्या आज्यांनी सांगितलंय. आपला जिल्हा पंढरपुरी म्हशीचा, गवळ्याकडं ताजं दूध मिळतं, त्यामुळं म्हशीचं देऊन बघू असंही निघतं. गाय, म्हैस, शेळी, तिघींच्या दुधातलं प्रोटीन इतकं सारखं आहे की गाईच्या दुधानं त्रास होणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीच्या दुधानंही होतो. शेळीच्या दुधात फोलेट हे व्हिटॅमिन पण फार कमी असतं, नुसत्या त्यावर ठेवलेल्या बाळांचं रक्त कमी होतं. आज्यांचा मान ठेवून, पण नाही म्हणा.

हे पण तितक्याच जोरानं सांगते की प्रत्येक रडणारं बाळ अॅलर्जीचं नसतं. दीड महिन्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात, दूध पिऊन थोडं काढतात, वजन वाढत असेल आणि बाळ हसत-खेळत असेल तर डब्याकडं पळू नका. शीमध्ये रक्ताची रेघ कडक शी होऊन चीर पडल्यानं पण येते. इंग्लंडमध्ये २००६ ते २०१६ मध्ये अशा स्पेशल डब्यांच्या चिठ्ठ्या वर्षाला साधारण १ लाख ५ हजारांवरून ६ लाखांच्या वर गेल्या, अॅलर्जी तेवढ्या पटीत वाढल्याचा पुरावा मात्र नव्हता. आपल्याकडं १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये अजून कडक केला, बाळाच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचा फोटो छापता येत नाही, आईला फुकट सॅम्पल देता येत नाही. मी पण म्हणूनच ब्रँडचं नाव तोंडात घेत नाही. कुणी सॅम्पल हातात दिलं तर घेऊ नका.

खर्चाचं बोलते, कारण शेवटी सगळ्या तिथंच अडकतात. साधा डबा शेकड्यात येतो, अमिनो अॅसिडचा हजारांत. बाळ दिवसाला ८०० मिली पीत असेल तर १०० मिलीला १४ ग्रॅमच्या आसपास धरून ११० ग्रॅमच्या वर पावडर जाते, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन दिवसांत संपतो. हे गणित केल्यावर पोटात गोळा येतो हे मला माहितीये. म्हणूनच डॉक्टरांना तोंडावर विचारा की आधी एक्स्टेन्सिव्हलीवाला चालेल का, अमिनोच का पाहिजे. आणि काटकसर म्हणून पाणी वाढवून पातळ करू नका, अजिबात नाही, बाळाचं वजन थांबतं आणि अंगातलं मीठ कमी होऊन झटके येऊ शकतात. हे डबे प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात, मागवावे लागतात, त्यामुळं एक संपत आला की दुसरा सांगून ठेवायचा.

आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, टाकीत-बॅरलमध्ये साठवलेलं असतं, म्हणून उकळलेलंच घ्या. डब्यावर वेगळं लिहिलं नसेल तर पाणी ७० अंशाच्या खाली जायच्या आत पावडर घालायची, आधी पाणी मग पावडर, चमचा सपाट, मग थंड करून पाजायचं. केलेलं दूध २ तासांत संपवायचं, एप्रिल-मे मध्ये तर आपल्या उन्हात त्याच्याही आधी. ह्या पावडरींचा वास उग्र आणि चव कडू असते, पहिल्यांदा बाळ तोंड फिरवतं, आणि शी हिरवी होते. ते चालतं, घाबरून दोन दिवसांत डबा बदलू नका. त्या २ ते ४ आठवड्यांत नवीन ड्रॉप्स, नवीन साबण, नवीन घुटी पण नको, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणारच नाही. एका वहीत रोज शी, उलटी, अंग, वजन लिहा आणि मोबाईलमध्ये शीचे फोटो ठेवा, डॉक्टरांना वर्णनापेक्षा ते जास्त कामाला येतं.

अॅलर्जी ठरलीच तरी बहुतेक मुलांची ३ ते ५ वर्षांपर्यंत जाते. साधारण ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर, आणि दूध बंद करून निदान सहा महिने झालेले असले की, परत सुरू करून बघतात. आधी बिस्किटात भाजलेलं थोडं दूध, ते सोसलं की पुढं दही, सगळ्यात शेवटी साधं दूध. लगेचच्या अॅलर्जीवाल्यांचं हे हॉस्पिटलमध्ये बसूनच. ही तारीख डॉक्टरांकडून आत्ताच फाईलवर लिहून घ्या, कारण मूल छान चाललंय म्हटल्यावर कुणालाच ती आठवत नाही आणि डबा चालूच राहतो.