देवगडची खारी हवा आणि मारुतीचे ब्रेक

समुद्राकाठी गाडी असली की माणूस पत्र्याच्या गंजामागे लागतो, दाराखालचा, डिकीचा, आणि सगळे पैसे तिथेच घालतो. ब्रेकचा बंडी पाईप, म्हणजे ब्रेक ऑईल चाकापर्यंत नेणारी बारीक लोखंडी नळी, कोण बघतंय? तो गाडीच्या पोटाखाली, त्यावर चिखलाचा थर, आणि गंज धरतो तो नेमका प्लास्टिकच्या क्लिपांच्या आत, कारण तिथली खारट ओल पावसाळा संपला तरी वाळत नाही.

आमची ९९ सालची मारुती ८०० देवगडला बाबांकडे असते. आरटीओकडे पुन्हा पासिंगला न्यायची होती, त्यात पेडल खाली जायला लागलेलं, आणि मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ. वास घेतला, ब्रेक ऑईलच. ड्रम काढला, व्हील सिलेंडरचं (ऑईलच्या दाबाने ब्रेक लायनर ड्रमवर दाबतो तो छोटा सिलेंडर) रबरी बूट स्क्रू-ड्रायव्हरने जरा उचललं तर आतून काळं पाणी आल्यासारखं तेल गळलं. मिस्त्री बघून म्हणाले, "ह्येका किट घालून उपेग नाय," किट म्हणजे आतले नवे रबरी वॉशर नि बूट. आणि खरंच, पिस्टन काढल्यावर बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, नखाला लागतील असे खड्डे होते, अशा बोअरमध्ये नवीन वॉशर घातला तर तोही थोड्या दिवसात फाटणार. घासून गुळगुळीत करतात काही जण, पण सिलेंडर नवीन मिळतोय तर कशाला ते उद्योग. दोन्ही बाजूंचे बदलले, लायनरही दोन्हीकडचे, कारण तेल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरने कितीही घासा, तो ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढतोच.

खड्डे पडतात कशाने, तर ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोकणात हवेत पाण्याला काय तोटा! नवं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑईल निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की १४० च्या आसपास उकळू शकतं. म्हणजे फोंडा घाट उतरताना ब्रेक तापले, आत वाफ झाली आणि पेडल सरळ खाली. दोन वर्षांनी ऑईल बदला म्हणतात ते उगाच नाही, आमच्याकडे ते कधी बदललं होतं हे बाबांनाही आठवेना.

आता पाईप. मागच्या अॅक्सलवरचा चिखल खरवडला तर खाली पापुद्रे सुटत होते. एका गॅरेजवाल्याने आधी सुचवलं होतं की खराब तुकडा कापून मध्ये तांब्याची नळी झाळून देतो, स्वस्तात होईल. अहो, टायरमध्ये दोन बार हवा असते, आणि जोरात ब्रेक मारला की या नळीत ७०-८० बार सहज जातात, तिथे झाळकाम? जोडापासून जोडापर्यंत अख्खा पाईप बदलायचा, बस. आम्ही तांबं-निकेलची ४.७५ मिमीची नळी आणली, ती गंजत नाही आणि हाताने वळते, नुसतं तांबं मात्र हादऱ्याने कडक होऊन चिरतं. जुने नट फ्लेअर पान्ह्यानेच सोडवायचे, साध्या पान्ह्याने कोपरे गोल झाले की संपलं, आणि आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑईल मारून ठेवायचं. नळीचं टोक फुलवतात तो फ्लेअर डबल पाहिजे, कडा आत दुमडलेली, आणि नट नळीत आधी घालून घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी गॅरेजमध्ये रोज कुणीतरी विसरतं.

पाईपमध्ये शिरलेली हवा काढायला बाबा पेडलवर. मी खालून, चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलपाशी, ओरडतोय दाबा, धरा, निपल बंद केला की सोडा, आणि ते मध्येच फोन घेतायत. एक गोष्ट मिस्त्रींनी केली ती मला फार पटली, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑईल ढकलतो तो मुख्य सिलेंडर) पिस्टन रोज जातो तेवढ्याच भागात बोअर चकचकीत असतो, पुढे गंज, पेडल तळाला नेलं की वॉशर त्या गंजावर घासून कापला जातो आणि मग लोक म्हणतात ब्रेकचं काम केलं आणि मास्टर गेला. टाकीतलं ऑईलही संपू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि ते रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उचलतं.

पेडल आता वरच्या वर धरतं. पुढचे रबरी होज मात्र जुनेच आहेत, वाकवले की बारीक भेगा दिसतात, कणकवलीला सांगून ठेवलेत. तोवर गाडी हलवू नका असं बाबांना बजावलंय, ऐकतील तर.