आधी पोटोबा, मग नाटक: एका शनिवारची मुंबई

सनडान्स महोत्सवात २०२५ साली जागतिक चित्रपटांच्या विभागात ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा इथे लागला, तेव्हा मी ऑफिसातून थेट थिएटरात गेलो होतो. दुपारच्या डब्यानंतर पोटात फक्त एक कटिंग. बाहेर पडल्या पडल्या मावशीला फोन करून सांगितलं, "फार संथ आहे गं." मावशी दुसऱ्या दिवशी जेवून, वामकुक्षी आटपून बघायला गेली आणि संध्याकाळी तिने माझी बिनपाण्याने केली. "अरे, घरात सुतक आहे. दहा दिवस माणसं अशीच हळू बोलतात. तुला कसली घाई होती?"

घाई नव्हती, भूक होती. पुढच्या आठवड्यात नीट खाऊन परत पाहिला आणि मत गिळलं. तेव्हापासून माझं ठाम म्हणणं आहे की नाटक-सिनेमाबद्दलची आपली निम्मी मतं पोटातून येतात. हे सिद्ध करायला एक शनिवार मावशीला घेऊन मुंबई पालथी घातली: पुस्तकं, खाणं, नाटक. ती बदलापूरची, मी ठाण्याचा. पण तिचं अर्धं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलंय, त्यामुळे वाटाड्या तीच. त्याच वाटेने कोणाला जायचं असेल तर पुढचं वाचा.

पहिला सल्ला: शनिवार निवडा. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि तुमची फास्ट लोकल स्लो होऊन जिथे थांबायचं नाही तिथे थांबते. नाटकांच्या जाहिराती शनिवार-रविवारच्या मराठी पेपरांत भरभरून येतात, पण चांगल्या प्रयोगाच्या पुढच्या रांगा तोवर गेलेल्या असतात. तिकीट आठवडाभर आधी काढा. आम्ही दुपारी चारचा, दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातला प्रयोग घेतला आणि त्यावरून उलटं मोजत दिवस बसवला.

सीएसएमटीला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत गेलं की धोबीतलावला कयानी आहे, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, ब्रुन मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि चहा. गर्दी असली की टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं, त्याचा संकोच करू नका. रोख पैसे जवळ ठेवा. ब्रुन चहात बुडवायचा की नाही यावर आमचा वाद झाला. मावशी बुडवते. मला तो प्रकार बघवत नाही, कडकपणासाठीच तर ब्रुन घ्यायचा! मावा केक मात्र दोघांनी न बोलता संपवला.

तिथून फ्लोरा फाउंटनला, म्हणजे हुतात्मा चौकाला टॅक्सी केली, कारण मावशीचे गुडघे. चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुटपाथवर पुस्तकांच्या थप्प्या असतात. कोणी सांगितलं असेल की तिथे मराठी पुस्तकांचा खजिना आहे, तर विसरा. नव्वद टक्के माल इंग्रजी: यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं, एमपीएससी-यूपीएससी, आणि त्याच त्या चार-पाच गाजलेल्या कादंबऱ्या. मराठी मिळालं तर योग समजायचा. मला तो योग आला. व्यवस्थापनशास्त्राच्या दोन जाडजूड पुस्तकांमध्ये एक जुनी मराठी रहस्यकथा चेपून बसली होती. पिवळी पानं, कव्हरवर हातात टॉर्च घेतलेला माणूस. विक्रेत्याने दीडशे सांगितले, मावशीने चाळीस. साठला सौदा झाला. फुटपाथवर पुस्तक घेताना शेवटची पानं बघून घ्या. मी का सांगतोय ते नंतर कळेल.

काळा घोड्याला जायचा मोह होतो, पण आम्ही टाळला. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून तो कोपरा मला ओका वाटतो. तिथे कानाला हेडफोन लावून गाणं ऐकायचं, आवडलं तर कॅसेट घ्यायची, नाही तर चुपचाप सटकायचं. आता सगळी गाणी खिशात आहेत आणि मी कुठलंच धड शेवटपर्यंत ऐकत नाही. मावशीचं याहून कडक आहे. नवीन मराठी गाणी तिला रीलच्या पंधरा सेकंदांपुरती बांधलेली वाटतात. मुखडा चांगला, अंतरा आला की कवी जेवायला गेलेला. मला हे पूर्ण पटत नाही, पण एकही अंतरा पाठ म्हणून दाखवता आला नाही, त्यामुळे गप्प बसलो.

हुतात्मा चौक स्टेशनवरून भुयारी मेट्रोने गिरगाव. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि अशा भटकंतीचं गणितच बदललं. एकच सूचना: जमिनीपासून फलाटापर्यंत जिने आणि सरकते जिने मिळून चांगलाच वेळ जातो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर लिफ्ट कुठल्या दारापाशी आहे ते आधी विचारा, नाही तर उलट्या टोकाला निघता.

गिरगावात मावशीचं वय वीस वर्षांनी कमी होतं. तिची चाळ आता टॉवर झाली आहे. त्याच्याकडे तिने वर पाहिलंसुद्धा नाही. ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये मात्र आपल्या घरात शिरल्यासारखी शिरली. मिसळ मागवली. मी दोन प्लेट खाल्ल्या, वर पाव, वर ताक. सिद्धांत माझाच होता ना, भरल्या पोटी नाटक! मावशीने एक प्लेट निम्मी केली आणि म्हणाली, "नाटकाला जायचंय तुला, कुस्तीला नाही."

मिसळीवर मालिकांचा विषय निघाला. मावशी रोज संध्याकाळी साडेसात ते दहा टीव्हीसमोर असते, त्यामुळे तिच्या मताला वजन आहे. तिची तक्रार सासू-सून या विषयाबद्दल नाही. "एका लग्नाला तीन आठवडे लावतात, चालेल. पण तीन आठवड्यांत एकदाही कोणी पंगतीत जेवताना दाखवत नाहीत. लग्न कसलं ते?" माझी तक्रार वेब मालिकांची. अंधार एवढा की आपलाच चेहरा पडद्यात दिसतो, आणि पात्रं पुटपुटतात. मराठी ऐकतानाही मला खाली मराठी अक्षरं लागतात. नव्या मालिकांत मला खरं आवडतं ते गावाकडची बोली बिनधास्त येऊ लागली आहे हे. मावशी म्हणते, बोली आली पण गाव आलं नाही.

गिरगावहून दादर पुन्हा मेट्रोने. वाटेत आचार्य अत्रे चौक स्टेशन लागतं. ज्यांच्या सिनेमाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, ते अत्रे. उद्घोषणेत ते नाव ऐकून मावशी उगाचच ताठ बसली.

दादरला चारच्या प्रयोगाआधी तासभर हाताशी ठेवाच, पुस्तकांसाठी. छबिलदास गल्लीतलं आयडियल आणि शिवाजी मंदिरातलं मॅजेस्टिकचं दालन, दोन्ही एका फेरीत होतात. छबिलदास म्हटलं की मावशीला सत्तरच्या दशकातली शाळेच्या हॉलमधली प्रायोगिक नाटकं आठवतात. काही कळायची नाहीत, पण जायची. आता तिथे भाजीवाले, कपडेवाले आणि खांद्याला खांदा. पिशवी पुढे घ्या.

नव्या मराठी पुस्तकांबद्दल माझं मत मिश्र आहे. मुखपृष्ठं इतकी देखणी कधीच नव्हती, कागदही छान. पण आत शिरलं की ऱ्हस्व-दीर्घाचा खडखडाट. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, मुद्रितशोधकाला मात्र अजून कोणी विचारत नाही. अनुवाद ढिगाने येतात आणि त्यातले बरेच वाचताना मनातल्या मनात मूळ इंग्रजी वाक्य ऐकू येतं. ललित लेखांचे छोटे संग्रह मात्र चांगले येताहेत. लोकलमध्ये ठाणे ते दादर एक लेख बरोबर बसतो. एक घेतला. मावशीने पाककृतींचं घेतलं, ज्यातली एकही ती करणार नाही, कारण "सगळ्यात लसूण जास्त आहे."

शिवाजी मंदिरला प्रेक्षागृहात जायला पायऱ्या चढाव्या लागतात, पंधरा मिनिटं आधी पोहोचा. फोन बंद करा. सायलेंट नव्हे, बंद. हे मी शेजारच्या काकांना समजावूनही सांगितलं. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, दिवाणखाना, सोफा, डावीकडे स्वयंपाकघराचं दार. दोन मिसळी, ताक, एसीची झुळूक. मला झोप लागली. जाग आली ती माझ्याच खिशातल्या गजराने. मावशीच्या बीपीच्या गोळीचा साडेचारचा गजर मीच लावून ठेवला होता, आणि फोन सायलेंटवर असला तरी गजर वाजतो. नायिका अर्ध्या वाक्यात थांबली, काकांनी माझ्याकडे जे पाहिलं ते नाटकापेक्षा प्रभावी होतं. मावशीने शांतपणे गोळी घेतली.

मध्यंतरात इथला बटाटावडा खायचाच असतो. मला भूक नव्हती, तरी खाल्ला. रांग लांब असते, म्हणून पडदा पडायच्या बेतात असताना कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला पुढे पिटाळा. दुसरा अंक मला झकास वाटला. घरगुती विनोदी नाटक होतं, पण शेवटच्या वीस मिनिटांत बापाचं काम करणाऱ्या नटाने विनोद बाजूला ठेवला आणि सभागृहात खोकलासुद्धा ऐकू येईना. मावशीच्या मते पहिला अंक जास्त चांगला होता. मला बोलायला जागाच नव्हती. मी तो पाहिला कुठे होता? तेव्हा सिद्धांतात दुरुस्ती: दुपारच्या प्रयोगाआधी निम्मी प्लेट.

नंतर आस्वाद. सेना भवनासमोर, बाहेर नाव लिहून रांगेत थांबायचं. इथल्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं होतं. पण त्या दिवशी मिसळ हा शब्दही मला नको होता. पियुष घेतलं. ग्लास छोटा दिसला तरी एकच मागवा, श्रीखंडाचाच भाऊ आहे तो. मावशीने थालीपीठ पूर्ण संपवलं. सकाळपासून जागा राखून होती.

परतताना लक्षात ठेवा: दादरला मध्य रेल्वेचे फलाट आता आठ ते चौदा आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये आकडे बदलले, तरी जुने लोक अजून जुनाच आकडा सांगतात आणि तुम्ही पश्चिम रेल्वेवर जाऊन उभे राहता. मावशी बायकांच्या डब्यात चढली, मी पुरुषांच्या. शीवला उभ्यानेच रहस्यकथा उघडली, मुलुंडपर्यंत डोळे मिटू मिटू वाचत, पानं गाळत, शेवट गाठला. निरीक्षकाने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, दिवे घालवले, आणि पुस्तक संपलं. शेवटच्या पानांचा फर्माच नव्हता.

ठाण्याला उतरून पुढे गेलेल्या मावशीला फोन केला. पुस्तकाचं नाव सांगितल्यावर ती हसली. गिरगावात असताना वाचनालयातून आणून वाचलं होतं, दोनदा.

"मग खून कोणी केला?"

"गाडीत ऐकू येत नाही रे, घरी गेल्यावर सांगते."

तीन आठवडे झाले. अजून सांगितलेलं नाही. पुढच्या नाटकाची तिकिटं काढ म्हणते.