हीथ्रो ते गॅटविक: ४० किलोमीटरच्या भरवशावर तिकीट काढू नका

४० किलोमीटर हा आकडा बघून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायचं आणि तीन तासांनी शहराच्या दुसऱ्या एका विमानतळावरून, गॅटविकहून उडायचं असा बेत आखला असेल, तर तो आत्ताच बदला. ते हवाई अंतर आहे. १९७८ ते १९८६ या काळात दोन विमानतळांमध्ये हेलिकॉप्टर चालायचं तेव्हा त्याला अर्थ होता; एम२५ हा रिंगरोड पूर्ण होत आला आणि ती सेवा बंद झाली. रस्त्याने ६५ ते ७० किलोमीटर पडतात.

आणि तो रस्ता म्हणजे एम२५. मोकळा मिळाला तर ५० मिनिटं, पण मोकळा मिळतो तो पहाटे नाहीतर रात्री उशिरा. हीथ्रोजवळचा जंक्शन १४-१५ हा तुकडा देशातल्या सर्वांत गर्दीच्या रस्त्यांपैकी एक. शुक्रवारी संध्याकाळी दोन तास धरा. टॅक्सी केली म्हणून लवकर पोचाल हा निव्वळ भ्रम आहे: कोच (लांब पल्ल्याची बस) आणि टॅक्सी एकाच कोंडीत उभ्या असतात, टॅक्सीवाल्याला फक्त पैसे जास्त जातात. वर विमानतळाच्या दारात सोडण्याचं ड्रॉप-ऑफ शुल्क. ते भाड्यात धरलंय का, हे बसण्याआधी विचारा. मोठ्या बॅगा आणि अवेळ असेल तर कोच उत्तम. तो टर्मिनल २-३ च्या मध्यवर्ती बसस्थानकावरून आणि टर्मिनल ५ वरून सुटतो. टर्मिनल ४ वाल्यांनी आधी मोफत रेल्वेने २-३ ला यावं.

बाकी वेळी रेल्वेच. दोन्ही एक्स्प्रेस गाड्यांच्या जाहिरातींना भुलू नका. हीथ्रोची एक्स्प्रेस लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला संपते, गॅटविकची व्हिक्टोरिया स्टेशनहून सुटते. मधलं अंतर बॅगा ओढत भुयारी रेल्वेने कापायचं आणि दोन्हीकडे महाग भाडं भरायचं. त्याऐवजी एलिझाबेथ लाइनच्या गाडीने थेट फॅरिंग्डन स्टेशन, तिथे थेम्सलिंकच्या गाडीने गॅटविक. एकच बदल, लिफ्टची सोय, साधारण पावणेदोन तास. हीथ्रोला एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ लाइन एकाच फलाटावर येतात, म्हणून फलक वाचूनच चढा. टर्मिनल ५ हून एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासाने एक, २-३ हून बऱ्याच जास्त. मागच्या डब्यांत बसा. फॅरिंग्डनला पुढच्या टोकाला उतरलात तर पलीकडे, बार्बिकन स्टेशनच्या बाजूला बाहेर पडाल. फॅरिंग्डनहून दक्षिणेला जाणारी प्रत्येक गाडी गॅटविकची नसते. ब्रायटन, हॉर्शम किंवा थ्री ब्रिजेसची पकडा. कॉन्टॅक्टलेस कार्ड शेवटपर्यंत चालतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. गॅटविक स्टेशन साउथ टर्मिनलला आहे; नॉर्थला मोफत शटल.

आता सगळ्यांत महाग पडणारी चूक. भारतीय पासपोर्टवर विमानतळ बदलायचा म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं. इमिग्रेशन न ओलांडता आतल्या आत विमान बदलण्यासाठीचा एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा इथे चालत नाही. ‘व्हिजिटर इन ट्रान्झिट’ व्हिसा हवा, त्यावर ४८ तास मिळतात. अमेरिका, कॅनडासारख्या देशांचा वैध व्हिसा असेल तर काही अटींवर सूट आहे, पण आत सोडायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. कागद नसले तर मूळ शहरातच विमानात चढू देत नाहीत.

हिशेब असा करा: उतरून, इमिग्रेशन करून, बॅग घेऊन बाहेर पडायला दीड तास, प्रवासाला पावणेदोन, गॅटविकला किमान दोन. म्हणजे सव्वापाच तास. तिकिटं वेगवेगळी असतील तर सात ठेवा, कारण पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत देत नाही.