कोजागिरीचे होम रन

आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाची कोजागिरी दोनदा होते. एक सगळ्यांच्या सोयीची, शनिवारी, शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेऊन. दुसरी खऱ्या तिथीला, काकांच्या घरी, पाच-सहा कुटुंबांची. काका सत्तरच्या दशकात इथे आले आणि रेडिओ ऐकत ऐकत बेसबॉल शिकले, म्हणून सगळे त्यांना रेडिओवाले काका म्हणतात. ऑक्टोबर म्हणजे बेसबॉलच्या बाद फेरीचे दिवस. तेव्हा गॅसवर दूध आटतंय, मुली भोंडल्याची गाणी म्हणताहेत आणि पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर कुणीतरी श्वास रोखून बसलंय, अशीच मला आमची प्रत्येक कोजागिरी आठवते.

31 ऑक्टोबर 2001, बुधवार. त्या वर्षी अधिक आश्विन आल्याने कोजागिरी महिनाअखेरीस गेली होती. 11 सप्टेंबरनंतर आठवडाभर सामने थांबले होते, म्हणून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिकाही लांबली होती. पंचांग आणि बेसबॉल दोघांनाही उशीर झाला आणि दोघं एकाच रात्री भेटले. आमच्यातल्या दोघांची ऑफिसं त्या टॉवर्सच्या जवळच होती. ते आले, पण बोलत नव्हते. गाणी कुणी सुरूच केली नाहीत. त्याच दिवशी हॅलोविन होतं. माझी थोरली सात वर्षांची, मांजरीच्या वेशात, तोंडावर काढलेल्या मिशांसकट पाटावर बसली आणि मी तिला तशीच ओवाळली. मग ती सोफ्यावर झोपून गेली.

नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये ॲरिझोना 3-1 अशी पुढे होती आणि आमच्या न्यूयॉर्कच्या यांकीजचे दोन जण बाद; तिसरा बाद झाला की संपलं. एक गडी पहिल्या बेसवर. काकू म्हणाल्या, "आता दूध घ्या, सकाळी कामं आहेत." काका म्हणाले, "बारा वाजेपर्यंत थांबायचं असतं ना?" आणि ॲरिझोनाच्या किमने टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर यांकीजच्या टिनो मार्टिनेझने होम रन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर, बेसवरच्या गड्यासकट दोन धावा. 3-3. गेले सात आठवडे त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. त्या क्षणी सगळे उभे राहून ओरडत होते.

बारा वाजून गेले. स्टेडियममधल्या फलकाने नोव्हेंबरच्या बेसबॉलचं स्वागत केलं. दहाव्या इनिंगमध्येही दोन बाद, समोर यांकीजचा डेरेक जीटर, आणि त्याने चेंडू उजवीकडच्या भिंतीपलीकडे टाकून सामना जिंकला. को जागर्ति, असं लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात. त्या रात्री अख्खं न्यूयॉर्क जागं होतं. दुधावर जाड साय धरली होती, ती बाजूला न करताच काकूंनी पेले भरले. ती सिरीज यांकीजने शेवटी गमावली. आमच्या घरात मात्र तो विषय कधी निघत नाही, निघतो तो जीटरचा होम रन. थोरली अजून विचारते, "आई, मला उठवलं का नाहीस?" माझ्याकडे याचं उत्तर नाही.

2004 ची कोजागिरी वेगळीच. 27 ऑक्टोबर, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. काकांच्या आईंनी दुपारीच बजावलं होतं की दुधात तुळशीपत्र टाका आणि ग्रहण सुटेपर्यंत कुणी पेल्याला हात लावू नका. आमच्यात एकच घर रेड सॉक्सवालं, बॉस्टनच्या वहिनींचं. आठवड्यापूर्वीच त्यांच्या संघाने आमच्या यांकीजना हरवलं होतं, तेही मालिकेत 3-0 असे मागे असताना पुढचे चारही सामने जिंकून. बेसबॉलमध्ये असं आधी कधीच घडलं नव्हतं. आम्ही जरा घुश्शातच होतो. त्या रात्री सेंट लुईसला वर्ल्ड सिरीजचा सामना होता. त्यात रेड सॉक्सच्या पहिल्याच बॅटरने, जॉनी डेमनने, होम रन मारला आणि वहिनी सोफ्यावरून उठून थेट अंगणात गेल्या. पुढचा सगळा सामना त्यांनी दाराच्या चौकटीत उभं राहून पाहिला, एक डोळा टीव्हीवर आणि एक चंद्रावर. चंद्र तांब्याच्या भांड्यासारखा झाला होता तेव्हाच सामना संपला. रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, 86 वर्षांनी. वहिनी रडत होत्या. काकांनी जाऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ग्रहण सुटायला एक वाजत आला, आणि मग सगळ्यांनी दूध घेतलं.

पुढच्या वर्षी डेमनचा करार संपत होता. "तो आमचा आहे, कुठे जात नाही," वहिनींनी ठामपणे सांगितलं. डिसेंबरमध्ये तो लांब केस कापून, दाढी काढून यांकीजकडे आला. तेव्हापासून पैज ठरली: ज्याचा अंदाज चुकेल, त्याने पुढच्या कोजागिरीला दूध आटवायचं. दहा लिटर दूध, आणि तळाला लागू द्यायचं नाही. ज्याने आटवलंय त्यालाच ही शिक्षा केवढी मोठी आहे ते कळतं!

2022 मध्ये वाद यांकीजच्या ॲरन जजवरून. त्याने मंगळवारी, 4 ऑक्टोबरला, टेक्सासमध्ये 62 वा होम रन मारून रॉजर मॅरिसचा 1961 पासूनचा अमेरिकन लीगचा (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) एका हंगामातला विक्रम मोडला, आणि शनिवारी आमचा कार्यक्रम. त्याचा करार संपत होता आणि हंगामाआधी त्याने यांकीजचे सात वर्षांचे 21 कोटी 35 लाख डॉलर नाकारले होते. थोरलीचं म्हणणं, तो कॅलिफोर्नियाचा, घरी परत जाणार. काका म्हणाले, राहणार. तो राहिला, नऊ वर्षांसाठी, 36 कोटींवर, आणि कप्तानही झाला. 2023 चं दूध थोरलीने आटवलं. जायफळ जरा जास्तच पडलं होतं.

19 ऑक्टोबर 2024 ला कॅफेटेरियात टीव्ही नव्हता. क्लीव्हलंडच्या सामन्याची दहावी इनिंग बाराएक जणांनी एका फोनवर पाहिली. यांकीजचा वान सोटो फाउलवर फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारत होता, आणि मग त्याने तीन धावांचा होम रन मारला. 2009 नंतर प्रथमच यांकीज वर्ल्ड सिरीजमध्ये! त्याचाही करार संपत होता. "एवढं करून कुणी जातं का?" काका म्हणाले. थोरली म्हणाली, "काका, हा जाणार." सोटो डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडे, मेट्सकडे गेला, 15 वर्षांसाठी, 76 कोटी 50 लाख डॉलरवर. काकांना फार लागलं. वहिनींनी फोन करून एवढंच म्हटलं, "आमचा डेमन गेला होता ना काका."

2025 ची कोजागिरी. यांकीज तीनच दिवसांपूर्वी बाद झाले होते. काका पातेल्याजवळ खुर्ची घेऊन बसले होते. दीड तास झाला तरी पळी माझ्या हातात देईनात. थोरली शेजारी चारोळ्या निवडत होती. जजने त्याच आठवड्यात डाव्या बाजूच्या खांबावर आदळवलेला होम रन ती त्यांना हातवारे करून पुन्हा दाखवत होती.

"किती वर्षांचा झाला गं तो आता?" काकांनी विचारलं.

"तेहेतीस. करार 2031 पर्यंत आहे."

काकांनी पळी कडेला ठोकली. "म्हणजे एकोणचाळीसपर्यंत. खेळेल?"

"मला नाही वाटत," ती म्हणाली.

"बरं. लिहून ठेव मग."