डागावर कॅलेंडर

आज अर्धा दिवस स्वतःचीच चोरी पकडण्यात गेला.

लोकल सेटअपची डॉकर इमेज (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं) टीममधल्या नव्या मुलीला दिली. तासाभरात ती म्हणाली, "दादा, पेमेंटची टेस्ट की यात दिसतेय." ही की म्हणजे गुप्त चावी; ती आणि पासवर्ड मी डॉट-ईएनव्ही नावाच्या फाइलमध्ये ठेवले होते. मी छातीठोकपणे म्हटलं, "शक्यच नाही, इमेज बनवायच्या डॉकरफाइलमध्ये कॉपीच्या पुढच्याच ओळीत डॉट-ईएनव्ही डिलीट केलीये." तिने काही न बोलता इमेज टार फाइलमध्ये सेव्ह केली, आतला एक लेयर (थर) उघडला आणि फाइल समोर ठेवली. अख्खी. डेटाबेसच्या पासवर्डसकट (तो काय होता ते विचारू नका).

कॉपीचा लेयर वेगळा, डिलीटचा वेगळा. वरचा खालच्याला फक्त झाकतो, पुसत नाही. भिंतीवरच्या डागावर कॅलेंडर टांगावं तसं. आणि हे मला माहीत होतं हो!

मग की बदलली, डॉट-ईएनव्ही डॉकरइग्नोरमध्ये (इमेजमध्ये काय घ्यायचं नाही त्या यादीत) टाकली, कंपोजमध्ये (कंटेनर कसे चालवायचे त्या फाइलमध्ये) सीक्रेट्स लावले. आता कंटेनर, म्हणजे इमेजवरून चालणारं अ‍ॅप, सुरू झाला की रन-सीक्रेट्स फोल्डरमध्ये ती गुप्त की फाइल म्हणून येते, इमेजमध्ये शिरत नाही. नुसतं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (अ‍ॅपला सुरू होताना दिलेली सेटिंग) ठेवलं असतं, तर कंटेनरची माहिती दाखवणाऱ्या डॉकर इन्स्पेक्ट कमांडने तेही ओकलं असतं.

चहा मी पाजला. वडापाव तिने स्वतःहून सांगितला, माझ्या खात्यावर.