तुम्ही विचारलंत म्हणून: आमची पोरं स्पर्धेला का नसतात

"सर, तुमच्या कराटे क्लासची मुलं टुर्नामेंटला दिसत नाहीत ती?" हे मला हर्णैला मासळीच्या लिलावात विचारलंय, दापोली डेपोत विचारलंय, एकदा तर बारशाच्या पंगतीत विचारलं, मी पुरी तोडत होतो. दरवेळी काहीतरी उडवाउडवीचं बोलतो. आज एकदाच नीट लिहितो, मग परत विचारू नका. म्हणजे विचारालच, ठाऊक आहे मला.

मी घाबरतो म्हणून नेत नाही असं एक जण बोलत फिरतायत, ते चूक आहे. किंवा बरोबर आहे, पण त्यांना वाटते ती भीती नव्हे.

इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं, फुनाकोशी. आमची शोतोकान, म्हणजे आम्ही शिकतो ती कराटेची पद्धत, ज्यांच्यापासून आली ते ओकिनावाचे म्हातारबुवा. त्यांना स्पर्धा पसंत नव्हत्या, ते एप्रिल 1957 मध्ये गेले आणि त्याच वर्षी जपानात पहिली ऑल जपान स्पर्धा भरली. तेक्की नावाच्या तीन कातांना, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम, त्यांनी दहा वर्षं घातली आणि तुमचा मुलगा दोन वर्षांत ब्राऊन बेल्ट मागतोय, एवढं ऐकवलं की पालक गप्प. 'शोतो' हे त्यांचं कवितांसाठी घेतलेलं टोपणनाव, पाइनच्या झाडांतून वारा गेला की लाटांसारखा आवाज होतो ना, तो. मुरुडला सुरूच्या बनात उभा राहून मी हे पोरांना सांगायचो आणि वर तोच आवाज चालू असायचा, पोरांच्या अंगावर काटा, माझ्याही. पण खरं सांगू का, हे सगळं माहीत असून 2014 पर्यंत मी पोरं गाडी भरभरून स्पर्धेला नेत होतो. मेडलवाले फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावलेले. तेव्हा नाही आठवले म्हातारबुवा.

2014 चं सांगतो. मुंबईजवळची स्पर्धा, नाव नको. रात्रीची एसटी पकडून आम्ही नऊ जण. त्यातला एक तेरा वर्षांचा, वडील बोटीवर, पोरगा असा की पुळणीवर धावायला सोडला तर बाकीचे दमले तरी हा थांबायचा नाही, आणि शब्दाला पक्का, सर म्हणाले म्हणजे म्हणाले. सेमीफायनलला दोन-तीनने मागे, वीसेक सेकंद राहिलेले. या वयाच्या फाईटमध्ये तोंडावरचा पंच टेकवायचाही नसतो, अलीकडेच थांबवायचा, तिथेच तर तुमचा कंट्रोल कळतो. हे मी त्याला शंभरदा शिकवलं होतं. आणि मॅटच्या कोपऱ्यात कोचच्या खुर्चीत बसून मी ओरडलो, "आत घुस! मार! सोडू नको त्याला!"

तो घुसला. पंच थांबला नाही.

समोरच्या पोराचा पुढचा दात अर्धा गेला. रक्त फार नव्हतं, पण पांढऱ्या ड्रेसवर थोडंही फार दिसतं. रेफ्रीने हान्सोकू दिलं, म्हणजे बाद. आमचा पोरगा रीतसर वाकून मॅटच्या बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना?" त्यात उर्मटपणा काही नव्हता हो. त्याला खरंच विचारायचं होतं. तेवढ्यात त्या दुसऱ्या मुलाचे वडील आले तणतणत, असं शिकवता का तुम्ही पोरांना, आणि मी, पंचवीस वर्षं कराटे केलेला माणूस, त्यांना म्हणालो, "नाही हो, मी असं नाही शिकवलं. तोच ऐकत नाही."

पोरगा ऐकत होता.

परतीला महाडला गाडी थांबली, सगळ्यांनी वडापाव खाल्ले, हा खिडकीशी किटबॅग मांडीवर घेऊन बसलेला. मी विचारलं भूक नाही का, तर "नको सर". सोमवारी आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी घरी जायला हवं होतं. माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटं. गेलो नाही.

टोकियो ऑलिम्पिकला, 2021 मध्ये, वजनदार गटाच्या फायनलला सौदीचा हमेदी पुढे होता, त्याची किक इराणच्या गंजजादेहच्या डोक्याला लागली, गंजजादेह आडवा, बेशुद्ध. हमेदी बाद, आणि स्ट्रेचरवरून नेलेल्याला गोल्ड. ते क्लिप आमच्या ग्रुपवर हसायचे स्मायली लावून फिरत होतं. मला त्या हमेदीचा कोच दिसत होता का, तो काय ओरडला असेल, तेवढंच मी शोधत होतो.

तर मी स्पर्धा बंद केल्या त्या तत्त्वासाठी नाही. त्या खुर्चीत बसलो की माझं काय होतं ते मला कळलं म्हणून. आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या कोणाला बसवा खुर्चीत, पोरांचं नुकसान का? दहावीला खेळाचे मार्क मिळतात. बरोबर आहे. माझ्या पापाची फी चौतीस पोरांनी का भरायची, हे मलाही रात्री सुचतं. उत्तर नाही सापडलेलं.

मागच्या वर्षी एका मुलीच्या आईने फारच धरलं म्हणून जिल्ह्याला गेलो. खुर्चीत बसलो, ठरवून तोंड बंद. एक शब्द नाही. मुलगी दोनदा वळून बघत होती माझ्याकडे. हरली. बाहेर येऊन बाटली तोंडाला लावायच्या आधी म्हणाली, "सर, तुम्ही काहीच का नाही बोललात?"

तो पोरगा आता बोटीवर आहे. बंदरावर भेटतो, टोपली डोक्यावर, गर्दीतून ओरडतो "ओस, सर!", आमचा कराटेवाल्यांचा नमस्कार तो, आणि पुढे जातो. थट्टा करतो की मनापासून, दहा वर्षांत मला लागलेलं नाही. मीही ओस म्हणतो.

जिल्ह्याचा फॉर्म ज्यांना हवा त्यांनी दुकानातून न्यावा, सही करून ठेवतो. बरोबर कोण येणार ते तुमचं तुम्ही बघा, किंवा बोलू आपण, आत्ता नाही सांगत. क्लास सोमवार-गुरुवार साडेपाचला, ओहोटी असली तर पुळणीवर, नाहीतर हॉलमध्ये, निसर्ग वादळात गेलेल्या पत्र्यांपैकी दोन अजून गळतात तेव्हा मागच्या बाजूला चपला ठेवू नका.