बंद पेटीत पाणी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मांद्र्याच्या किनाऱ्याजवळच्या एका शाळेचे इंटरनेट बंद पडले आणि आम्हाला बोलावणे आले. गच्चीवरच्या खांबाला अँटेना होता आणि त्याच्याखाली प्लास्टिकच्या पेटीत एक छोटा नेटवर्क स्विच (एका केबलवरचे इंटरनेट अनेक केबलींना वाटणारे उपकरण) व राउटर बसवलेला होता. हे काम दुसऱ्या एका कंत्राटदाराने उन्हाळ्यात केले होते. वरवर पाहता त्यात काही कमी नव्हते: पेटीवर आयपी६७ची खूण होती, झाकणाला अखंड रबरी गॅस्केट होते आणि केबल जिथून आत जाते त्या ग्लँडवर सिलिकॉनचा जाड थर दिलेला होता.

झाकणाचे स्क्रू सैल करताच पाणी माझ्या हातांवर सांडले. स्विच निम्मा बुडालेला होता आणि त्याच्या पोर्टमधल्या पिनांवर हिरवट निळी पुटे चढली होती. माझ्याबरोबरच्या वायरमनने गॅस्केटवरून बोट फिरवून पाहिले आणि विचारले, "दादा, रबर तर शाबूत आहे. मग एवढे पाणी आत गेले कुठून?"

आयपी६७ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि एक मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे ठेवले तरी अपायकारक प्रमाणात पाणी शिरणार नाही. मात्र या चाचणीत पाण्याचे आणि वस्तूचे तापमान जवळजवळ सारखे ठेवतात. पाच अंशांहून अधिक फरक चालत नाही. आपल्याकडच्या जूनमध्ये असे कधी घडते? दोन सरींच्या मधे कडक ऊन पडते, गच्चीवरची पेटी आतल्या उपकरणांच्या उष्णतेसह 55 अंशांपर्यंत सहज तापते, आतली हवा फुगून फटींतून बाहेर पडते आणि मग एकाएकी आलेली सर तिला 28 अंशांवर आणते. आत उरलेल्या हवेचा दाब तेव्हा सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. हा फरक जवळजवळ 80 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा असतो, आणि केसाएवढी फट असली तरी तिथे साचलेले पाणी आत ओढायला तो पुरतो. पुढच्या उन्हात बाहेर जाते ती हवा आणि थोडी वाफ; तळाशी साचलेले पाणी तिथेच राहते. प्रत्येक सरीला त्यात थोडी भर पडत जाते.

वायरमनला हे पटेना, म्हणून आम्ही तिथेच करून पाहिले. पेटी पुसून कोरडी केली, आत ग्लँडभोवती टिश्यूपेपर ठेवला, झाकण घट्ट लावले आणि सावलीतच तिच्यावर बादलीभर पाणी ओतले. कागद कोरडा निघाला. नंतर ऊन आले तेव्हा तीच पेटी चांगली तापू दिली आणि विहिरीचे गार पाणी ओतून थोडा वेळ थांबलो. या वेळी ग्लँडच्या कडेचा कागद भिजून लगदा झाला होता. वायरमनने तो चिमटीत धरून मुख्याध्यापिका बाईंना नेऊन दाखवला.

फट कुठे होती तेही मग सापडले. केबलच्या टोकाचा प्लग ग्लँडमधून जात नाही, म्हणून आतली रबरी कडी उभी चिरून केबल बसवली होती आणि चिरेवर सिलिकॉन थापले होते. नखाने उचकटताच ते पट्टीसारखे सोलून आले, कारण केबलच्या पॉलिथिनच्या आवरणाला सिलिकॉन नीट चिकटत नाही. शिवाय सुकताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून अॅसेटिक आम्ल सुटते आणि बंद पेटीत ते तांब्याला खाते. असे सिलिकॉन उपकरणांजवळ वापरूच नये असे माझे ठाम मत आहे.

नवी पेटी बसवताना जागाही बदलली. पावसाळी वारा समुद्राकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणून ती पूर्वेकडच्या भिंतीवर वळचणीखाली घेतली आणि सकाळच्या उन्हासाठी पुढे थोडे अंतर सोडून एक पत्रा लावला. "चोरीची भीती नको म्हणून लोखंडी पेटीच का लावत नाही तुम्ही?" असे बाईंनी विचारले, परंतु राउटर आत असताना धातूची पेटी वायफाय अडवते, म्हणून पॉलिकार्बोनेट हे मजबूत प्लास्टिकच घेतले. ग्लँड सगळे तळाला ठेवले, केबल आधी ओवून मग तिच्या टोकाला प्लग क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला, आणि पाणी केबलवरून ओघळत ग्लँडपर्यंत पोहोचू नये म्हणून तिला खाली झोल दिला. खाऱ्या हवेत 304 प्रतीच्या स्टीलवरही तपकिरी डाग पडतात, त्यामुळे स्क्रू आणि क्लॅम्प मॉलिब्डेनम असलेल्या 316 प्रतीचे वापरले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तळाला दोन भोके पाडली आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून त्यांवर बारीक जाळी बसवली. हवेची ये-जा तिथूनच झाली की ग्लँडवर ओढ राहत नाही आणि आत जमलेले दव निथळून जाते. उपकरणे तळापासून वर उचलून बसवली. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मात्र ठेवल्या नाहीत. उघड्या भोकाच्या पेटीत, पावसाळ्याच्या दमट हवेत, त्या थोड्याच दिवसांत भरून निकामी होतात. जाळीवर मीठ, कोळिष्टके आणि मुंग्यांची माती धरली की पेटी पुन्हा पहिल्यासारखी बंद होईल, म्हणून शाळेच्या शिपाईकाकांना जुना टूथब्रश देऊन जाळी कशी झाडायची ते तिथेच करून दाखवले आणि पावसाळाभर अधूनमधून ती पाहत राहायला सांगितले.